बारावीनंतर मास कम्युनिकेशन: त्यात नेमकं शिकवतात काय, आणि इंदुरातच करावं का?

लोकमान्यनगरकर
मंडळी, जरा सल्ला हवाय. मुलगी यंदा बारावी कॉमर्स देऊन राहिलीय आणि तिने घरात जाहीर करून टाकलंय की पुढे मास कम्युनिकेशनच करणार, सीए वगैरे काही नाही. मला त्यात वावगं वाटत नाही पण त्या क्षेत्रातलं मला ओ की ठो कळत नाही, माझी सगळी नोकरी बँकेत गेली. व्हिडिओ ती आत्ताच मोबाईलवर करते, एडिटिंगपण तिचं तीच शिकली, मग पैसे भरून तीन वर्षं (आता नवीन धोरणात ऑनर्ससाठी चार) तिथे शिकायचं काय हा माझा पहिला प्रश्न. दुसरा असा की शाळा हिंदी मिडियमची, घरी मराठी, इंग्रजी कामापुरती. याचा उपयोग होईल की अडचण? आणि तिसरं म्हणजे इंदूर, भोपाळ की पुणे. ज्यांनी हे शिक्षण घेतलंय किंवा जे या कामात आहेत त्यांनी लिहा प्लीज, ऐकीव नको.

जेलरोडवाला
स्पष्टच लिहितो, राग मानू नका. बातमीदारी रस्त्यावर शिकतात, वर्गात नाही. आपल्याच शहराचं बघा, राजेंद्र माथुर आधी कॉलेजात इंग्रजी शिकवत होते, तिथून नईदुनिया या इंदूरच्या हिंदी पेपरात आले आणि पुढे दिल्लीला नवभारत टाइम्सचे संपादक झाले, त्यांच्याकडे कुठे होती मास कॉमची डिग्री? मुलीला बी.कॉम. करू द्या आणि सोबत एखाद्या पेपरात उमेदवारी. आकडे कळणारा बातमीदार आज मिळत नाही, बजेट आलं की सगळे एकमेकांचं बघून लिहितात.

डेस्कवाले काका
जेलरोडवाले, आकड्यांचं तुमचं म्हणणं सोळा आणे खरं, कॉमर्सची मुलगी या लाइनीत आली तर मला आनंदच होईल. पण माथुर साहेबांची गोष्ट अर्धीच सांगितलीत. ते आले तेव्हा नईदुनियात संपादक राहुल बारपुते होते, मोठं ग्रंथालय होतं, नवीन माणसाला समोर बसवून त्याची कॉपी दुरुस्त करणारी मंडळी होती, म्हणजे ते ऑफिसच शाळा होतं. मी हिंदी पेपरांत डेस्कवर आयुष्य काढलं, आता रिटायर होऊन एका कॉलेजात गेस्ट लेक्चर घेतो, म्हणून दोन्ही बाजू बघितल्यात. आज नवीन पोरगा डेस्कवर आला की त्याला पहिल्या दिवसापासून वेबसाइटसाठी खबरीमागून खबर टाकायची असते. त्याची कॉपी कुणी लाल करत नाही, सरळ बदलून टाकतात. का बदलली हे त्याला कधी कळतच नाही, आणि पाच वर्षांनी तोच सीनियर होतो आणि दुसऱ्याची तशीच बदलतो. ते 'का' सांगायला आता वर्गच उरलाय. म्हणून मी म्हणतो की शिकू द्या.

काय शिकवतात ते एका उदाहरणाने सांगतो. पहिल्या आठवड्यात मी मुलांना नगर निगमच्या धर्तीवर लिहिलेली एक प्रेस नोट देतो. वरचे तीन परिच्छेद माननीयांचे, बैठक झाली, निर्देश दिले, समाधान व्यक्त केलं. मधे कुठेतरी एक ओळ की जलूदला, म्हणजे जिथून नर्मदेचं पाणी उचलतात तिथे, पंपाची दुरुस्ती चालू आहे. आणि अगदी शेवटी, अमुक अमुक टाक्या उद्या भरणार नाहीत. आता आपल्याकडे नर्मदेचं पाणी सत्तर-एक किलोमीटरवरून चढवून आणतात आणि बहुतेक वस्त्यांत एक दिवसाआड येतं, त्यात एक पाळी चुकली तर दोन दिवसांचे चार होतात, म्हणजे ज्या घरात हौद नाही, नुसते ड्रम आहेत त्या घरातलं सगळं वेळापत्रकच कोलमडतं. मुलं ती नोट सुंदर भाषेत पुन्हा लिहून देतात, माननीय पहिल्याच ओळीत! मग मी विचारतो, तुझ्या आजीला सकाळी सहाला काय कळायला हवं? तेव्हा कुठे शेवटची ओळ वर येते: उद्या या या भागांत पाणी नाही. पुस्तकात याला उलटा पिरॅमिड म्हणतात, पण तो पाठ करून येत नाही, असा हातून करून येतो.

आणि खरं शिक्षण तर त्यानंतर. मी म्हणतो, नोट बाजूला ठेव, आता फोन कुणाला लावशील? एक जण म्हणतो जनसंपर्क अधिकारी, दुसरा म्हणतो झोनल ऑफिस. एखादीच मुलगी म्हणते, सर, टाकीवर जो व्हॉल्व्ह उघडतो त्याला विचारते. तिला मी सांगतो, बाई, तू राहा या लाइनीत. कारण कुठल्या गल्लीला पाणी पोचतं आणि कुठल्या गल्लीला फक्त कागदावर पोचतं हे त्या व्हॉल्व्हवाल्याला माहीत असतं. पंप मागे कधी बिघडला होता, दुरुस्तीवर किती खर्च झाला, यासाठी मग माहितीचा अधिकार आहेच, २००५ चा कायदा, १० रुपये शुल्क, ३० दिवसांत उत्तर. अर्जात 'का' विचारायचं नाही, कागद मागायचा, हे सुद्धा कुणीतरी शिकवावंच लागतं.

तक्षशिला_एमए
काका, तुमचा वर्ग मिळायला हवा होता! मी खंडवा रोडवर देवी अहिल्या विद्यापीठाच्या पत्रकारिता आणि जनसंचार अध्ययनशाळेत शिकतेय, सिलॅबस वेबसाइटवर आहे म्हणून यादी देत नाही, पण थिअरीबद्दल लिहिते कारण सगळे थिअरीलाच नावं ठेवतात, दादा लोक तर म्हणतात की परीक्षेपुरतं पाठ करा आणि सोडून द्या. अमेरिकन अभ्यासक हॅरॉल्ड लासवेलचे ते पाच प्रश्न, कोण बोलतोय, काय बोलतोय, कुठल्या माध्यमातून, कुणाशी आणि परिणाम काय, हे १९४८ चे आहेत आणि आजही एखादं रील समोर ठेवून हे पाच प्रश्न लावून बघा, निम्मी पोल तिथेच उघडी पडते.

पण मला खरी मजा आली ती टू-स्टेप फ्लोमध्ये, म्हणजे माध्यमातली गोष्ट आधी मोजक्या लोकांपर्यंत जाते आणि त्यांच्याकडून बाकीच्यांपर्यंत. अमेरिकेत १९४० च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या वेळी पॉल लॅझर्सफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओहायोतल्या ईरी काउंटीत त्याच त्याच लोकांना पुन्हा पुन्हा भेटून विचारलं होतं की मत कसं ठरवता, तर रेडिओ आणि पेपरांचा थेट परिणाम वाटला होता त्यापेक्षा खूप कमी निघाला, लोक आपल्या ओळखीतल्या, जरा जास्त वाचणाऱ्या-ऐकणाऱ्या माणसावर विसंबतात. आमच्या मॅडम म्हणाल्या, वाचलंत ना, आता आपल्या गावात तपासा. मग विषय घेतला कचरागाडी. २०१७ ला स्वच्छतेत आपला देशात पहिला नंबर आला आणि मग वर्षानुवर्षं टिकला, आणि बाहेरचे लोक म्हणतात की गाडीवरच्या गाण्याने इंदूरला सवय लावली. आम्ही सकाळी गाडीच्या मागे परदेशीपुऱ्यातल्या गल्ल्यांत गेलो. मॅडमनी आधीच बजावलं होतं की 'तुम्ही ओला-सुका वेगळा करता ना?' असं विचारायचं नाही, त्याला सगळे हो म्हणतात, विचारायचं 'आजच्या डब्यात काय काय होतं?' आणि मग गप्प बसायचं.

गाणं लहान पोरांपासून सगळ्यांना पाठ. पण ते ऐकून लोक काय करतात तर चप्पल घालून डबा घेऊन खाली येतात, बस. वेगळं करायला शिकवलं कुणी विचारलं की नाव यायचं गाडीसोबतच्या दीदीचं. एक दीदी आमच्यासमोर एका काकूंच्या डब्यातून दुधाची थैली दोन बोटांनी उचलून, झटकून, त्यांच्याच हातात परत देत होती, आवाज अजिबात न चढवता, "भाभी, ये नीले में", आणि शेजारच्या दोघी बघत होत्या. बाकी सगळं गाणं-होर्डिंग एका बाजूला आणि त्या शेजारणींचं ते बघणं एका बाजूला. ईरी काउंटीचं पान मला त्या गल्लीत समजलं. काका (लोकमान्यनगरकर), तुमच्या मुलीला व्हिडिओ येतो ना, उत्तमच, पण कुणाकडे कॅमेरा वळवायचा हे इथे शिकते माणूस. आम्ही गाण्यावरच रील करून मोकळे झालो असतो तर ती दीदी दिसलीच नसती.

सुदामानगरची मावशी
वाचतेय सगळं. मी शाळेत शिकवलंय, शिक्षणाला माझा विरोध नाही, पण नोकरीचं कुणी बोलेना. रात्री बारा-एकला डेस्क सुटतो, मुलीने घरी कसं यायचं? आणि फुकट राबवून घेतात म्हणे इंटर्नशिपच्या नावाखाली. भाचीने एका लोकल चॅनलमध्ये काम केलं, तिला तिसऱ्या महिन्यात सांगितलं की आधी जाहिरात आण मग माइक मिळेल. तिने सोडलं, बरंच केलं.

पुण्यातला इंदुरी
मावशी, भाचीने अगदी योग्य केलं. माइकचं आयडी गळ्यात घालून वसुली किंवा जाहिराती आणायला लावणारी दुकानं छोट्या-मोठ्या सगळ्या शहरांत आहेत, आणि तिथे काम केल्याचा अनुभव पुढे कुणी धरतही नाही. मी ग्रॅज्युएशन इंदुरातच केलं, आता इथे एका हॉस्पिटलच्या कम्युनिकेशन विभागात आहे. पगाराचं खरं सांगतो, न्यूजमध्ये सुरुवात कमीच असते, बी.कॉम. करून अकाउंट्सला लागलेला मित्र पहिली काही वर्षं पुढेच दिसेल. स्ट्रिंगरला, म्हणजे पगारावर नसलेल्या बातमीदाराला, तर खबरीप्रमाणे पैसे, तेही वेळेवर येतील याचा भरवसा नाही. नेमणुकीचं पत्र हातात आल्याशिवाय नोकरी लागली असं समजू नये. इंटर्नशिप बिनपगारी असेल तर निदान बायलाइन (बातमीवर आपलं नाव) आणि कामाचं पत्र मागून घ्यायचं, मागायला लाजायचं नाही.

पण मास कॉम म्हणजे फक्त न्यूज चॅनल असं डोक्यात असेल तर ते काढून टाका. आमच्या बॅचचे लोक जाहिरातीत कॉपी लिहितात, एनजीओत आरोग्याचं साहित्य बनवतात, सबटायटलिंग करतात, रेडिओवर आहेत, कुणी शिक्षणाच्या व्हिडिओंत आहे. विद्यापीठाचं ईएमआरसी, म्हणजे शैक्षणिक व्हिडिओ बनवणारं केंद्र, त्याच परिसरात आहे, तिथे स्वयमसारख्या सरकारी ऑनलाइन कोर्सच्या प्लॅटफॉर्मसाठी लेक्चर रेकॉर्ड होतात, ते काम जवळून बघता आलं तर सोडू नये. माझं स्वतःचं काम बघा, डॉक्टर मला अर्धा तास डायलिसिस समजावतात आणि मला ते धारहून आलेल्या पेशंटच्या भावाला कळेल अशा एका पानात लिहायचं असतं, चित्रासकट, आणि त्यात एक शब्द चुकला तर तो माणूस घरी जाऊन पाणी जास्त प्यायला लावेल. हे काम मला मोबाईलने नाही शिकवलं.

कॉलेज निवडताना एक करा. ते स्टुडिओ दाखवतात, काचेतून. छान लाइट असतात, हिरवा पडदा असतो. तुम्ही म्हणायचं की मुलांचा शेवटचा लॅब जर्नल (विद्यार्थी स्वतः काढतात तो पेपर) दाखवा आणि कॅमेऱ्याचं इश्यू रजिस्टर (कॅमेरा कुणी कधी नेला त्याची वही) दाखवा. अंक दोन वर्षांपूर्वीचा असेल आणि रजिस्टर कोरं असेल तर चहा पिऊन परत या.

सयाजीगंज
बडोद्याहून. आमच्याकडे महाराजा सयाजीराव विद्यापीठात पत्रकारिता आणि संज्ञापनाची स्वतंत्र फॅकल्टीच आहे, मी तिथला. वरची कचरागाडीची पोस्ट वाचून खेडा आठवलं. १९७५-७६ मध्ये साइट नावाचा प्रयोग झाला होता, अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० गावांत थेट टीव्ही, तुमचं मध्य प्रदेशही होतं त्यात. आणि इथे खेडा जिल्ह्यात पीजला छोटा ट्रान्समीटर लावून त्याच काळात वेगळंच काम चाललं, कार्यक्रम गुजरातीत, गावातली माणसं, त्यांचेच प्रश्न, सावकारी, मजुरी, अस्पृश्यता. उपग्रह एक वर्षाने हलवला, खेडा मात्र पुढे बरीच वर्षं चाललं. ज्या मुलांना वाटतं की मीडिया म्हणजे अँकरची खुर्ची त्यांना हे आधी शिकवायला पाहिजे. जास्त लिहीत नाही, धागा इंदूरचा आहे.

मीच_ती_मुलगी
नमस्कार, बाबांनी धागा दाखवला. मी अँकर व्हायचं म्हणून नाही म्हणत आहे, घरी सगळ्यांना तेच वाटतंय. मला लिहायचं आहे आणि ऑडिओ करायचं आहे, आमच्या कॉलनीतल्या जुन्या मिल कामगार आजोबांचे मी इंटरव्ह्यू रेकॉर्ड करून ठेवलेत, हुकुमचंद मिल बंद झाली १९९१ ला त्याबद्दल. ते मधेच मराठीतून हिंदीत जातात आणि परत मराठीत येतात. काहीजण म्हणाले की मराठीचा इथे काय उपयोग, इंग्रजी सुधार. इंग्रजी तर सुधारतेच आहे. पण मराठी सोडायची का?

डेस्कवाले काका
अजिबात नाही! बेटा, हिंदी पत्रकारितेच्या पायात किती मराठी माणसं उभी आहेत ते तुला कुणी सांगितलं नाही वाटतं. माधवराव सप्रे, मराठी घरातले, दमोहच्या पथरियाचा जन्म, त्यांनी १९०० साली पेंड्र्यासारख्या आडबाजूच्या गावातून छत्तीसगढ मित्र काढला, पुढे १९०७ ला नागपुरातून हिंदी केसरी, म्हणजे टिळकांचं म्हणणं हिंदी वाचकाच्या घरात पोचवलं आणि त्यासाठी अटक सोसली. बाबूराव विष्णू पराडकर, काशीच्या मराठी कुटुंबातले, बनारसच्या 'आज'चे संपादक. आणि आपले बारपुते, ज्यांच्या नईदुनियाला लोक पत्रकारितेची नर्सरी म्हणायचे, त्यांची उठबस कुणाशी, तर देवासचे गायक कुमार गंधर्व, चित्रकार चिंचाळकर गुरुजी, नाट्यभारती या नाटकमंडळीचे बाबा डिके. या मंडळींनी मराठी सोडून हिंदी धरली नाही, दोन्ही घेऊन चालली. दोन भाषा येणारा माणूस एका भाषेतला वाद दुसऱ्या भाषेतल्यांना घाईत नाही, नीट सांगू शकतो. भोपाळला सप्रेंच्या नावाचं जुन्या वृत्तपत्रांचं संग्रहालय आहे, १९८४ पासूनचं, एकदा जाऊन ये, त्या पिवळ्या पानांवरच्या जाहिरातीसुद्धा वाच.

तुझे मिलचे इंटरव्ह्यू फार मोलाचे आहेत. ते मधेच भाषा बदलतात ते कापू नकोस, तसंच ठेव. फक्त प्रत्येक फाइलला तारीख, जागा, बोलणाऱ्याचं नाव आणि वापरायला त्यांनी दिलेली परवानगी हे चार आजच लिहून ठेव.

जेलरोडवाला
मुलगी हुशार दिसते. तरी माझा मुद्दा कायम आहे, हे सगळं ती बी.कॉम. करतानाही करू शकते. इंटरव्ह्यू तर तिने कोर्सशिवायच केले ना?

डेस्कवाले काका
केले, आणि त्याचं कौतुकच. पण उद्या ती एखादी अत्याचाराची केस करायला गेली तर? पीडितेचं नाव छापता येत नाही हे बहुतेकांना माहीत असतं, पण नाव गाळून गल्ली, शाळा, वडिलांचं दुकान लिहिलं की ओळख पटतेच आणि तोही गुन्हाच. आधी भादंवि २२८-अ होतं, १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेचं कलम ७२, आणि मूल असेल तर पॉक्सोचं कलम २३. बदनामीचा कायदाही फौजदारीच आहे, सुप्रीम कोर्टाने २०१६ ला तो कायम ठेवला. हे रस्त्यावर शिकायचं म्हणजे कुणाच्या तरी मुलीच्या आयुष्यावर शिकायचं. तिथे मी तडजोड करणार नाही, जेलरोडवाले.

जेलरोडवाला
हे मान्य. यावर मला बोलण्यासारखं काही नाही. फक्त कोर्स करतानाही तिचं कॉमर्स सुटू देऊ नका, अकाउंट्स वाचता आले पाहिजेत, ताळेबंद बघून प्रश्न विचारणारी मुलगी कुठल्याही न्यूजरूमला हवी असते.

तक्षशिला_एमए
जागेबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. ग्रॅज्युएशनला माझं मत इंदूर. भोपाळला माखनलाल चतुर्वेदी विद्यापीठ आहे, मुख्यतः याच विषयाचं, तिथे एडिटिंगपासून जाहिरातीपर्यंत वेगवेगळे कोर्स मिळतात आणि देशभरची मुलं भेटतात, होस्टेल परवडत असेल तर तेही चांगलंच. पण ज्या शहरातली टाकी, मिल, झोनल ऑफिस माहीत आहे तिथे पहिली तीन वर्षं काम शिकणं सोपं जातं, अनोळखी शहरात निम्मं वर्ष रस्ते कळण्यात जातं. मराठीत पुढे काही करायचं तर ग्रॅज्युएशननंतर पुणे विद्यापीठाचा पत्रकारिता विभाग, म्हणजे रानडे इन्स्टिट्यूट आहे, आणि आयआयएमसीचा (भारतीय जनसंचार संस्था) अमरावतीला मराठी पत्रकारितेचा डिप्लोमा आहे, अमरावती तर आपल्याला तशी जवळच. आणि काका, विद्यापीठाच्या अध्ययनशाळांमधले बरेच युजी कोर्स सीयूईटी या देशपातळीवरच्या सामायिक प्रवेश परीक्षेवरून भरतात, बोर्डाच्या टक्क्यांवर विसंबून राहू नका. फॉर्म बोर्डाच्या परीक्षेच्या गडबडीतच येतो आणि तिथेच लोकांची तारीख निघून जाते.

लोकमान्यनगरकर
सगळ्यांचे मनापासून आभार. माझ्या तिन्ही प्रश्नांना उत्तरं मिळाली आणि रात्रीच्या शिफ्टचं मावशींनी विचारलेलं मात्र राहिलंच. पुण्यातले इंदुरी, तुम्ही त्यावर लिहाल का?

पुण्यातला इंदुरी
हो, ते राहिलं. मोठ्या पेपरांत उशिराच्या शिफ्टला मुलींना घरी सोडायला गाडी असते, नसेल तर रुजू होण्याआधी लेखी मागायची, नाही म्हणाले तर ती जागा घ्यायची नाही. आमच्या बॅचमधल्या दोघींनी असंच करून घेतलं. शिवाय वेब, फीचर, रेडिओ यांत दिवसाच्या शिफ्ट भरपूर असतात.

सुदामानगरची मावशी
लेखी मागायचं हे आवडलं मला. भाचीलाही हा धागा पाठवते.

मीच_ती_मुलगी
डेस्कवाले काका, परवानगी तोंडी घेतली होती, रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला आजोबांचा आवाज आहे "हां, सुना देना सबको" असा. ते चालेल का की कागदावर सही पाहिजे? एक आजोबा आता इंदुरात नाहीत, मुलाकडे नाशिकला गेले.

डेस्कवाले काका
आवाजातली परवानगी चालते, पण 'सबको' म्हणजे कुठे ते त्यांना माहीत हवं. यूट्यूबवर टाकणार असशील तर तसं सांगून पुन्हा विचार. नाशिकच्या आजोबांना फोन कर आणि तो फोन रेकॉर्ड करतेय हे आधी सांग. जमलं तर त्यांना त्यांचंच रेकॉर्डिंग पाठव, ऐकून ते एखादं नाव किंवा साल दुरुस्त करतील.